धनजचे पाच खुर्च्यांचे टेबल

रविवार, १७ नोव्हेंबर १९७४. सकाळचे साडेनऊ वाजले होते. धनजच्या थांब्यावर एसटीच्या टपावरून मला दोरखंडाने खाली उतरवले, तेव्हा माझ्यासोबत पाच खुर्च्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. त्या दिवशी माझा आकार नवा होता, पण माझे लाकूड तेव्हाही जुने होते. कारंजा लाड येथील सरकी काढण्याची एक जिनिंग गिरणी बंद पडली आणि तिच्या छताचे सागवानी वासे विक्रीस निघाले. त्या वाशांतून सुताराने मला घडवले. माझ्या सांध्यांत कापसाचा तंतू अजूनही सापडेल. सुताराने त्यापूर्वी जेवणाचे टेबल कधी केले नव्हते, म्हणून त्याने शाळेतील मास्तरांच्या टेबलाची उंची घेतली. ती दोन इंच जास्त भरली. माझ्यापाशी बसणाऱ्या मुलांची हनुवटी त्यामुळे ताटाला लागत असे.

मला घरी नेताना शेजारच्या चंपाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो वच्छला, हे तं मास्तराचं टेबल दिसून राह्यलं. जेवाले बसता का हजेरी घेता?"

वच्छला पदर तोंडाला लावून हसली. ती त्या घराची सून. तिचा नवरा इंद्रभान हा अमरावतीला डिप्लोमा झालेला, मोजूनमापून वागणारा माणूस. दीड वर्षापूर्वी त्याला आफ्रिकेतील झांबिया देशात पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी लागली होती. आता तो लांबलचक रजा घेऊन कुटुंबाला नेण्यासाठी आला होता. बेबी दहा वर्षांची आणि धम्मपाल सात वर्षांचा, ही त्याची मुले. शिवाय रंगूबाई, त्याची विधवा आई. दुसऱ्यांच्या शेतांत निंदण-खुरपण करून तिने त्याला शिकवले होते. कंपनी बायकोमुलांची तिकिटे देणार होती आणि आईवडिलांपैकी एकाचेही. अट एवढीच, की त्या पाचव्या माणसाचे नाव डिसेंबरअखेर कळवायचे. त्यानंतर पुढची संधी तीन वर्षांनी.

म्हणून खुर्च्या पाच केल्या होत्या.

माझे काम सराव करून घेण्याचे होते. तिकडे साहेबांच्या घरी जेवायला जावे लागते. तेव्हा आपल्या माणसांची फजिती होऊ नये, असे इंद्रभानला वाटे. दिवेलागणीला भिंतीवरील बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागली की सगळे माझ्याभोवती बसत. वच्छला लग्नानंतर प्रथमच नवऱ्याच्या बरोबरीने जेवायला बसली ती माझ्यापाशी. पहिल्या दिवशी तिला घास गिळवेना. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून मीठ मागितले. ते ऐकून मला फार बरे वाटले.

रंगूबाई मात्र चुलीजवळ भुईवर ताट घेऊन बसे.

"माय, इकडं ये ना," इंद्रभान म्हणे.

"मले भुईवरच घास उतरते बापा. त्या लाकडाच्या घोड्यावर तुमीच बसा."

इंद्रभान पुन्हा म्हणत नसे.

एके संध्याकाळी त्याने नवा धडा दिला. "तिकडं आग्रह नसते. एकदाच इचारतात. नको म्हनलं का भांडं उचलून नेतात. मी पयल्या मयन्यात तीनदा उपाशी वापस आलो."

"पन पोटात भूक असंन तं?" धम्मपालने विचारले.

"तं पयल्याच वेळी हो म्हनाचं."

लगेच परीक्षा झाली. वच्छलाने वांग्याच्या भाजीची वाटी बेबीपुढे धरली. बेबीला ती भाजी जिवापाड आवडे, पण सवयीने ती म्हणाली, "नको." बापाच्या इशाऱ्यावरून वच्छलाने वाटी उचलून नेली. बेबीचे डोळे भरून आले.

चुलीजवळून रंगूबाई कडाडली, "काहून तरसवतं रे पोरीले? पावन्याले बी तीनदा वाढाव लागते. पयलं नको तं लाजंचं असते."

"माय, तिकडं तसं नाही चालत."

"मंग तिकडचे लोक अर्धपोटीच झोपत असतीन," असे म्हणून तिने उठून नातीच्या ताटात दोन पळ्या भाजी वाढली. बेबी रडता रडता हसली.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते त्या घरात माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हते. दुपारी मुले शाळेत असत, वच्छला कापूस वेचायला जाई, इंद्रभान कागदपत्रांसाठी कारंज्याला. त्या वेळी रंगूबाई दाराला कडी लावी आणि पाचव्या खुर्चीवर बसे. पहिल्यांदा तिने पाय वर घेऊन मांडी घातली. मग हळूच एक पाय खाली सोडला, मग दुसरा. चमच्याने वरण खाताना ते लुगड्यावर सांडले, की ती स्वतःवरच हसे. आठ-दहा दिवसांत तिचा हात बसला. मग ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणे, "हो. वाढा." थोडे थांबून पुन्हा म्हणे, "हो. घेतो ना." शेवटी चमचा धुऊन, पुसून ती जागच्या जागी ठेवून देई.

मित्रांनो, तिला जायचे होते. नातवंडांशिवाय तिला करमणार नव्हते.

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. इंद्रभान माझ्यावर कागद पसरून बसला होता. मान वर न करता त्याने विचारले, "माय, साहेबाले नाव कळवाचं हाये. तू येतं का आमच्यासंग?"

रंगूबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिने भाजीसाठी 'हो' म्हणण्याचा सराव केला होता, पण एवढ्या मोठ्या गोष्टीला 'हो' म्हणण्याचा केला नव्हता. ती म्हणाली, "मी बुढी काय करू तिकडं? जा तुमी."

"बरं," इंद्रभान म्हणाला, आणि त्याने पुढचा कागद घेतला.

हे तिचे उत्तर नव्हते. तिचे उत्तर तिसऱ्या खेपेला आले असते. आपल्याकडे पाहुणा पहिल्या वाढपाला हात आडवा धरतो, तसा तिने फक्त हात आडवा धरला होता. ती निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली आणि वाट पाहू लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "तिकडं जवारी भेटते का रे?"

"नाही. मका भेटते."

"मक्याची भाकर मले थापता येते."

"हो?" असे म्हणून इंद्रभान सामानाचे वजन मांडू लागला. त्याचे आईवर प्रेम नव्हते असे कोणी समजू नये. ती दुखावू नये, म्हणूनच तो तिला पुन्हा विचारत नव्हता. माझ्या अंगावर त्याचा हात होता. मला बोलता आले असते तर मी त्याच क्षणी बोलले असते.

डिसेंबर संपला.

जानेवारीतल्या एका दुपारी तूर कापताना विळ्याने बोट कापले म्हणून वच्छला लवकर घरी आली. दाराला आतून कडी होती. तिने खिडकीतून पाहिले, तर सासूबाई खुर्चीवर ताठ बसून रिकाम्या जागेला सांगत होत्या, "हो. वाढा."

वच्छला आवाज न करता मागे फिरली. इंद्रभान येईपर्यंत ती थांब्यावरच उभी होती. तेथे दोघांचे काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. मी एवढेच पाहिले, की इंद्रभान धावत घरात आला आणि चपला न काढता आईसमोर बसला, तोही भुईवर.

"माय, तुले तिकडं याचं होतं?"

"कोन म्हनलं?"

"माय, चाल आमच्यासंग. मी तार करतो साहेबाले." त्याने तार केलीही. मुदत संपल्याचे उत्तर आठवड्याने आले. त्या संध्याकाळी त्याने पुन्हा विचारले, "माय, मी थांबू का? नोकरी सोडून देतो."

आता हे तिसरे विचारणे होते. रंगूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि ती हसली. "येडा झाला का? एकदा नाही म्हनलं ना. कितीदा इचारतं?" मग तिने वच्छलाला हाक मारली, "वच्छला, तिखटाची पुरचुंडी नीट बांध. तिकडच्या कपड्यात सांडली तं सारे साहेब शिंकतीन."

हे 'नाही' मात्र खरे होते. मुलाचे पाऊल अडू नये, म्हणून ते तिने मनापासून म्हटले होते.

त्यानंतर माझे दिवस पालटले. माझ्यावर तुरीची पोती आली, पावसाळ्यात कोंबडी बसू लागली, एका पायाला वाळवी लागली. रंगूबाई अधूनमधून मला ओल्या फडक्याने पुसते. पुसताना तिचा हात मुलांच्या जागेपाशी रेंगाळतो.

मित्रांनो, माझ्यावर तेलपाणी नाही केले तरी चालेल. तुमच्या घरातील म्हातारे माणूस 'नको' म्हणाले, तर भांडे लगेच उचलू नका. जवळ बसा. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदाही विचारा, आणि वेळ असतानाच विचारा.

२२ फेब्रुवारी १९७५ रोजी सकाळच्या एसटीने गेली ती माणसे चार.