काठावरचा पसहर

मनकर्णाने ओलं बोट पिवळ्या कार्डावर टेकवलं. निळा डाग उमटला. तेव्हाच तिने उरलेली अकरा कार्डं तेजरामच्या हातातून घेतली.

तेजराम बोरसीचा. कुरुदच्या तळ्यातली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, ड्रोनने तणनाशक फवारून मारायचं काम त्याच्याकडे होतं. औषध काठावर उडत नाही, असं तो चार दिवस सांगत होता. विश्वास नसेल तर कार्डं लावून पाहा, थेंब पडला की निळी होतात. मनकर्णाला कार्डांचाही संशय होता.

काठावर पसहर लोंबीवर आला होता. नांगर न लागता आपोआप उगवणारा हा भात. मुलांच्या आयुष्यासाठी धरायच्या कमरछठच्या उपासाला आया दुसरा भात खात नाहीत. शेजारच्या छत्तीसगढी बायकांकडून तिने हे व्रत घेतलं, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आसपासची तळी बुजून प्लॉट पडले होते. पसहर उरला तो इथेच.

दव सुकल्यावर तिने काड्यांना चिमट्यांनी कार्डं लावून पसहरात रोवली आणि फवारणीविरुद्धच्या तक्रारीवर बायकांच्या सह्या घ्यायला गेली. अकराला परतली, तर पाच कार्डांवर निळे ठिपके. ती कार्डं हातात धरून ती तेजरामपुढे उभी राहिली.

“हे काय आहे?”

“काकी, सकाळपासून हवा जोरात आहे. आज ड्रोन पेटीतून काढलाच नाही.”

तिने पेटी उघडायला लावली. टाकीत बोट फिरवून पाहिलं. कोरडी होती.

ती काठावर परतली. पाचही काड्या एका ओळीत होत्या, तिच्या घराच्या मागच्या दाराकडे जाणाऱ्या पायवाटेला लागून.

मागच्या अंगणात तिचा नवरा चिंधू, स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, नळाखाली फवारणीचा पंप धूत होता.

“तिथं पायवाटेवर साप निघून राहिले. तू रोज जाते, म्हणून गवत मारलं. आत्ताच, अर्धा घंटा झाला.”

“गवत नोहोय ते. आपल्या पोराच्या, शुभमच्या नावानं त्याचाच भात खाते मी.”

“तो तर तू बाजारातून आणते ना?”

तिने बादली उचलली, काठावर गेली आणि एकेक लोंबी पाण्याने धुऊ लागली.

थोड्या वेळाने मागे दुसरी बादली टेकल्याचा आवाज आला. चिंधू चपलांसकट चिखलात उतरला होता. गवताच्या आणि पसहराच्या सारख्याच दिसणाऱ्या हिरव्या पात्यांवरून त्याने नजर फिरवली.

“यातलं कोणतं धुवू?” त्याने विचारलं.