अळणी डबा

आहारतज्ज्ञ बाईंनी टेबलावर सूपचे पाच पेले मांडले. सूप एकच, मीठ मात्र चढतं.

"वर्षभर दोघंही अळणी जेवताय ना? मग जिभेची सवय किती बदलली ते बघू. बरोबर वाटेल तो पेला सांगा."

नवऱ्याचं ब्लडप्रेशर काही केल्या उतरत नव्हतं. तिनं कसूर ठेवली नव्हती. त्याला एकटं वाटू नये म्हणून स्वतःच्या ताटातलं मीठही बंद केलं होतं. सुरुवातीला घास तोंडात नुसता फिरायचा. नणंद हसायची, "वहिनी, तुझ्याकडे जेवलं की आजारी असल्यासारखं वाटतं." ती मनावर घ्यायची नाही. नवऱ्याचा डबा चाटूनपुसून रिकामा यायचा, तेवढं तिला पुरे होतं.

तिला पहिलाच पेला जमला. तिसऱ्याला तोंड वाकडं झालं.

"छान," बाई म्हणाल्या. "मीठ सोडलं की काही महिन्यांत असंच होतं."

नवऱ्यानं पहिला पेला चाखून खाली ठेवला. "हे नुसतं गरम पाणी." चौथ्यानंही त्याचं समाधान होईना. पाचवा मात्र तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

बाई कागद घेऊन डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

"डबा कुठे उघडता?" तिनं विचारलं.

"कारखान्यात. आणखी कुठे?"

"त्याआधी?"

त्यानं रिकामा पेला बाजूला सरकवला. "आईचं घर वाटेतच पडतं. ती वरून मीठ कालवून देते. येतानाही काहीबाही खाऊ घालते. तिचं मन मोडवत नाही गं."

"मला बोलला नाहीत."

"तू एवढी खपतेस. तुला वाईट वाटलं असतं."

सासूबाई दर रविवारी यायच्या आणि स्वयंपाकघरात डोकावून बजावायच्या, "मीठ नाही ना गं घालत? जप हो त्याला." ती मान डोलवायची.

डॉक्टर आत आले. "मीठ बंद असूनही एवढं प्रेशर, म्हणजे दुसरी गोळी सुरू करावी लागेल. की खाण्यात काही जातंय?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. या प्रश्नाला दर वेळी तीच उत्तर द्यायची, एक चिमूटही नाही म्हणून, अगदी ठासून. आजही तो त्याचीच वाट बघत होता.

"खाण्याचं यांना विचारा," ती म्हणाली. "मी नुसता स्वयंपाक करते."