रांजणाखालची ओल

मित्रांनो, मी तामलवाडीतल्या एका घराच्या रांजणाखालचा जुना बेडूक आहे. अंग खडबडीत, रूप काही नाही. पण घरधनीण कडूबाईंनी मला कधी हाकललं नाही.

मी तोंडानं पाणी पीत नाही. ओल्या मातीवर पोट टेकून बसतो, तेवढ्यानं माझी तहान भागते. कडूबाईंना हे बघून बघून कळलं होतं. डाळ धुतली की ते पाणी त्या रांजणाच्या बुडाशी ओतायच्या.

दूरदेशाहून आलेली लष्करी अळी इथल्या मक्यात शिरली, तेव्हा तिचे पतंग अंगणातल्या दिव्याभोवती जमू लागले. मी ते खायचो. घास गिळताना माझे डोळे मिटतात. डोळे आत दाबले की घास खाली सरकतो.

कडूबाई हसायच्या. "बघा, कसा डोळे मिटून जेवतोय. आमच्या मालकावानी!"

"मग त्याच्यासंगंच संसार करायचा हुता," त्यांचे मालक, महारुद्रकाका, म्हणायचे.

यंदा चैत्रात कडूबाई गेल्या. सुतक फिटल्यावर रिवाजाप्रमाणे घरातली मातीची भांडी टाकून दिली. रांजणही फोडला. खालची माती वाळून तडकली. मी भिंतीच्या फटीत सरकलो. अंग सुकत चाललं.

काकांनी मला पाहिलं. स्टीलच्या वाटीत पाणी आणून रोज माझ्यापुढं ठेवू लागले. वाटीचा काठ गुळगुळीत. माझ्यात चढायचं बळ नव्हतं.

त्यांची बहीण सखूबाई आली होती. "दादा, बेडकाला वाटी मांडली व्हय? आता ताटबी वाढा."

"तहानलाय गं. पण पीत न्हाय. तिच्या हातचं प्यायचा."

सखूबाईचा आवाज उतरला. "वैनी वाटीत कुठं द्यायच्या? डाळीचं पाणी मातीत वतायच्या. तुमी कधी बघितलं न्हाय?"

"न्हाय बघितलं," काका म्हणाले. त्यांनी वाटी उचलून मातीवर उपडी केली. मी फटीतून बाहेर आलो आणि ओलीवर पोट टेकलं. काका तिथंच खाली बसले.

आता काका एकट्यापुरती डाळ धुतात आणि ते पाणी इथं ओततात. जेवताना त्यांचे डोळे मिटत नाहीत. समोरच्या रिकाम्या जागेकडं बघत राहतात.

मित्रांनो, तुमच्या अंगणातही माझ्यासारखं कुणी ओल धरून बसलं असेल. तिथं औषध फवारू नका. आणि ती ओल रोज कोण ठेवतं, ते माणूस आहे तोवर बघून घ्या.