चार नंबरचे साहेब

किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवायला नेमलेल्या शिट्टीवाल्याने लाटेत लोळणारी पुरुषी चप्पल उचलली आणि वर धरली.

"कुणाची ही?"

सुट्टीची गर्दी भोवती जमली. आईस्क्रीमवाला गाडी सोडून पुढे आला.

"लॉजमधल्या चार नंबरच्या साहेबांची. त्या इथे शिवण घेऊन बसतात, त्या शिवणवाल्या ताईंचे मिस्टर. रोज त्यांच्या टॉवेलशेजारी असते जोडी."

टॉवेल होता, भिजलेला. साहेब नव्हते. लाल झेंडा फडफडत होता. शिट्टीवाल्याने चप्पल वाळूत टाकली, कमरेला दोर बांधला, टोक जोडीदाराच्या हातात कोंबलं आणि समुद्रात शिरला.

शिवणवाली शहाळं घेऊन परतली, तेव्हा निम्मा दोर पाण्यात होता.

"ताई, साहेब कधी उतरले पाण्यात?" जोडीदाराने वळून न बघता विचारलं.

तिला वाळूत पडलेली चप्पल दिसली.

चपला तिच्या भावाच्या होत्या. निघताना वहिनीने पिशवीत कोंबल्या होत्या. "वन्सं, एकटी बाई दिसली की लोक दहा प्रश्न विचारतात. या शेजारी ठेवा, एकही विचारणार नाहीत."

पहिल्या दिवशी तिच्या सांगण्यात साहेब नुसते थकून झोपले होते. दुसऱ्या दिवशी ते तापट झाले. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी एकदा एका चोराला मानगुटीला धरून विहिरीत कसं बुचकळलं, तेही सांगून झालं. आईस्क्रीमवाल्याने खूश होऊन साहेबांसाठी एक कोन फुकट दिला. तोही तिनेच खाल्ला, झाडाआड उभं राहून.

"ते... खोलीत झोपलेत," ती म्हणाली.

"चार नंबरमध्ये?" लॉजवाल्या काकू काखेतल्या चादरींसकट धावत आल्या होत्या. "मी आत्ताच चादर बदलून आले, बाई. खोलीत कुणी नाही."

दोर ताणला. लाटेवर काळं डोकं दिसलं, मग दिसेना.

"कुठल्या बाजूला गेले ते तरी सांगा!" जोडीदार ओरडला. त्याचे तळवे सोलवटले होते. "हा पुढे पुढेच चाललाय!"

बाजारात गेलेत, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण चपला सोडून बाजारात कोण जातं? डोकं पुन्हा वर आलं. या वेळी बरंच लांब.

शहाळं वाळूत पडलं.

"ओढा त्याला! साहेब नाहीत!"

"म्हणजे? बुडाले?"

"नाहीतच हो! मला नवराच नाही. ओढा, ओढा आधी!"

तिने स्वतःच दोर धरला. मग काकूंनी चादरी टाकून धरला, मग आईस्क्रीमवाल्याने. सगळ्यांनी मिळून ओढला.

शिट्टीवाला गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. खोकून खोकून खारं पाणी ओकला.

"सापडले?" त्याने विचारलं.

 मग तिनेच सांगितलं, खाली बघून, चार वाक्यांत.



"दोनदा बुडी मारली त्यांच्यासाठी," तो धापा टाकत म्हणाला. वाळूतली चप्पल त्याने उचलली, पण फेकली नाही. तिच्या पायांपाशी नीट ठेवली आणि गेला.

संध्याकाळी बॅग भरून ती किल्ली द्यायला गेली. काकूंच्या दारात नेहमीच्या मोठ्या काळ्या चपला होत्या. तीन दिवस ती ऐकत होती, काकू आतल्या पडद्याकडे बघून ओरडायच्या, "अहो, ऐकलंत का? चार नंबरला गरम पाणी!" आणि मग गिऱ्हाइकाला सांगायच्या, "ऐकू कमी येतं आमच्यांना."

"काकू, मालकांनाही माझ्यातर्फे माफी सांगा. तुमच्या लॉजची शोभा केली मी."

"उद्यापर्यंत पैसे भरलेत ना? मग कुठे निघालात?"

"आता कोणत्या तोंडाने राहू?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आज हाक मारली नाही. वाकून दारातल्या काळ्या चपला उचलल्या, पदराने धूळ पुसली आणि तिच्या हातात दिल्या. चपलांच्या तळाला दुकानाचा किमतीचा कागद अजून चिकटलेला होता.

"घ्या. माझ्याकडे आणखी एक जोड आहे," काकू हळूच म्हणाल्या. "पण वाळूत नाही न्यायच्या, वेडाबाई. दाराशीच ठेवायच्या असतात."