साखळीला जवसाचं तेल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मोताळ्यातल्या बायका माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकतात, पण "शालूबाई, झालं का?" असं दुसऱ्यांदा विचारायची हिंमत कुणाची होत नाही. अशी मी, एका सकाळी गोठ्यात कडब्यामागं पडलेली लेकीची, पूनमची सायकल बाहेर ओढली, साठीच्या घरात असताना तिच्यावर बसले आणि एकटीच खिदळत सुटले. पूनम लग्न होऊन गेल्यापासून त्या सायकलीला कुणी हात लावला नव्हता. आणि मी शेवटची सायकल चालवली ती जानेफळला, माहेरी, कुंकू लागायच्या आधी. पण पाय काही विसरले नव्हते! अंगणात दोन गिरक्या मारल्या, मग गल्ली, मग थेट बसस्टँड. काय सांगू, जीव नुसता हरखून गेला.

जन्मभर मी कुणीतरी मोटरसायकलवर मागं बसवून नेईल म्हणून ओट्यावर वाट बघत बसले. दोरा संपला, थांबा. मैत्रिणीकडं जायचंय, थांबा. आता मनात आलं की निघाले. त्या पंधरवड्यात मी शेताकडं जाऊन आले, दोऱ्याच्या दुकानात जाऊन आले, आणि काही काम नसताना नुसतीच जाऊन आले.

साखळी तेवढी करकर करायची. आमचे हे, कडूबा, यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशा थाटात पुढं आले. हातात जवसाच्या तेलाची बाटली.

"चोख घाणीचं तेल हाये. माणसाले चालते, त सायकलीले काऊन नाई चालणार?"

आणि धार धरली साखळीवर. दोन दिवस सायकल लोण्यासारखी चालली. मग साखळी जड होत गेली, तिच्यावर धूळ बसत गेली, आणि बाजाराच्या दिवशी ऐन चौकात ती दातेरी चाकावरून उडाली. मी खाली, वांग्यांची पिशवी माझ्यावर. गुडघा सोलवटला. त्याहून जास्त लागलं ते ह्यांचं वागणं. माझ्या गुडघ्याला हळद लागायच्या आधी ह्यांनी पुण्याला राजकुमारला फोन लावला होता.

"आई, बस झालं आता," आमचे चिरंजीव म्हणाले. "रविवारी येऊन राह्यलो ना, सायकल देऊन टाकतो कोणाले. पाय मोडला त कोण पाहीन तुले?"

माझं डोकं सणकलं. "रविवारी तू नांदुऱ्याले उतरशीन ना? मी येईन तुले घ्याले. सायकलनं. तू स्टेशनाच्या बाहेर पाय टाकाच्या आधी मी दारात उभी नसली, त खुशाल दे सायकल. आन् असली, त पुन्हा हा विषय काढाचा नाई."

ह्यांनी बाजेवरून हसून घेतलं. "नांदुरा! चौकात त पडली."

बोलून तर बसले, पण साखळीचं काय? आमच्या गल्लीत कचरूभाऊंचं सायकलचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात, पण पान्हे त्यांनी टाकले नव्हते. त्यांनी साखळी नखानं खरवडली आणि मोठ्यानं हसले.

"वहिनी, हे जवस हाये! हे वाळलं की व्हारनिस होते. दरवाज्याले लावतेत लोकं."

माझा संताप झाला, तो माझ्यावरच. मशीनच्या तेलाची कुपी रोज माझ्या पायाशी असते. शिलाई मशीनमध्ये कुणी जवस घातलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. मग वाटीभर डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसले, एकेक कडी चमकेपर्यंत. फडक्यानं कोरडी केली, एकेका कडीला मशीनच्या तेलाचा थेंब दिला, वरचं पुसून काढलं. पायडल उलटं फिरवलं तर साखळी सुळसुळली! मी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं.

मग कचरूभाऊंनी मुद्दाम हवा सोडली. म्हणाले, आता टायर काढा, ट्यूब काढा, परत बसवा. मी चाक त्यांच्यापुढं केलं, तर ते मागं सरले. "हातं काळे होऊ द्या. रस्त्यात मी थोडा येणार हाये?" पॅच कसा घासायचा, सोल्युशन लावल्यावर फुंकर घालत किती दम धरायचा, सगळं करून घेतलं. "आन् ट्यूब सांधली की टायरात आतून बोट फिरवा. काटा तिथंच बसेल राह्यते."

"हाव, कळलं," मी म्हणाले.

खणाच्या चिंध्यांची एक पिशवी शिवली, तिच्यात पॅच, सोल्युशन, छोटा पंप असं सगळं सामान घातलं, सीटखाली बांधली आणि रविवारी उजाडताना निघाले. हे कूस बदलून झोपलेले. उठवलं नाही.

नांदुऱ्याकडं जाताना रस्त्याला थोडा उतार आहे. वारा तोंडावर, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. मी घंटी वाजवत होते आणि रस्त्यावर ऐकायला कुणीही नव्हतं. इतका आनंद अंगात मावत नाही म्हणतात, तो खरंच मावत नव्हता.

आणि मागचं चाक बसलं.

बाभळीखाली सायकल उलटी केली. एक काळीपिवळी जीप थांबली. "आजी, टाकू काय वर सायकल?" मी नुसतं बघितलं, तो निघून गेला. ट्यूब काढली, पंपानं फुगवली, ओठांजवळून फिरवत नेली, तर बारीक गार फुंकर लागली. सापडलं! घासलं, सोल्युशन, पॅच, अंगठ्यानं दाबून धरलं. टायर बसवलं, हवा भरली, टणटणीत. मी स्वतःशीच "वा शालूबाई" म्हणाले आणि जोरात निघाले.

पुढच्या गावापर्यंतसुद्धा गेले नाही. पुन्हा फुस्स, पुन्हा एका बाभळीखाली.

आता रडायलाच आलं. तिकडं गाडी यायची वेळ होत आली. फोन वाजत होता आणि हात काळे होते. माझ्याकडं एकच पॅच उरला होता. पहिला पॅच तर घट्ट होता. भोक त्याच्या शेजारीच, नवं. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, बोट फिरवलंच नाहीस!

गिऱ्हाइकाला ब्लाऊज द्यायच्या आधी मी प्रत्येक शिवणीवरून आतून बोट फिरवते. एखादी टाचणी राहिली तर बाईला टोचते आणि माझं नाव जातं. ते बोट मी कधीच विसरत नाही, आणि सायकलीला मात्र विसरले. डोळे मिटले आणि टायराच्या आत तसंच सावकाश बोट फिरवलं. टोचलं! बाहेरून दिसत नव्हता, आत मात्र बाभळीच्या काट्याचं टोक उभं. दातांनी ओढून काढला आणि थुंकले. तेवढ्यात एक एसटी धुरळा उडवत गेली. खिडकीतून कुणीतरी डोकं बाहेर काढलं, पण मला वर बघायला सवड नव्हती.

शेवटचा पॅच लावून उरलेला रस्ता मी कसा मारला ते माझं मला माहीत. पण नांदुऱ्याच्या स्टेशनावर पोचले तेव्हा गाडी कधीच निघून गेली होती. रिक्षावालेसुद्धा पांगले होते. बाहेर राजकुमार नव्हता. म्हणजे तो केव्हाच बाहेर पडून गेला. मी दारात सायकल धरून उभी राहिले. हरले मी. सायकल गेली.

"आली! म्या काय म्हणलं तुले?"

आवाज आतून आला. तिकीट खिडकीजवळच्या बाकावर राजकुमार बसला होता, मांडीवर बॅग, तोंड पाडून. आणि त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरून शेजारी आमचे हे!

"आई, कवाचं बसवून ठेवलं बाबानं," राजकुमार म्हणाला. "पाय बाहेर टाकू देऊन नाई राह्यले."

"तुमी इथं कसे?" मी ह्यांना विचारलं.

"एसटीनं आलो. तू बाभळीखाली टायर धरून बसेल होती. कंडक्टर म्हणे, उतरता काय काका."

"मग उतरले काऊन नाई?"

"उतरलो असतो त हा म्हणला असता, बाबानं करून देलं."

राजकुमारनं माझे काळे हात बघितले. मग वाकून मागचं टायर अंगठ्यानं दाबलं. दबलं नाही. तो नुसता हसला आणि तेव्हा कुठं स्टेशनाच्या बाहेर पाऊल टाकलं.

"तुमी दोघं बसनं या," मी म्हणाले. "मी निघाली."

"थांब वं," हे म्हणाले. "जातानी चढ लागते." आणि खिशातून त्यांनी माझ्या मशीनच्या तेलाची कुपी काढली, चष्मा वर सरकवला आणि भर रस्त्यात साखळीजवळ उकिडवे बसले.