अर्ध्या टनाचा मामा

घरात सेंट्रल एसी घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी घाम फुटला तो मामाला.

मामा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, धंदा शब्दकोडी रचण्याचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या भाड्याच्या खोलीचं छत गळायला लागलं, म्हणून एक बॅग घेऊन तो ताईकडे पंधरा दिवसांसाठी आला होता. ते पंधरा दिवस अजून चालू होते. छत केव्हाच दुरुस्त झालं होतं. त्याखाली नवा भाडेकरू आला, त्याचं लग्न झालं, त्याला जुळं झालं, आणि आता जागा पुरत नाही म्हणून तोही दुसरीकडे गेला. मामाला इथून कोणी जा म्हटलं नव्हतं. राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. या विषयावर घरात कोणी तोंडच उघडत नसे, आणि मामाचा सगळा संसार त्या मिटलेल्या तोंडांवर उभा होता.

म्हणून त्या दिवशी जेवताना भावोजींनी माहितीपत्रकं टेबलावर पसरली तेव्हा मामा सावध झाला. भावोजी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यामुळे साधी भाजी वाढून घेतानाही ते आधी दिशा सांगत.

"हे मशीन एकदा बसलं की पंधरा वर्षं हलायचं नाही," ते म्हणाले. "तेव्हा निवडायच्या आधी सगळं मोजायचं. खोल्या किती, खिडक्या किती, माणसं किती."

मामाने उचललेला घास परत ताटात ठेवला. "माणसं कशाला मोजायची?"

"माणूस गरम असतो. एक माणूस म्हणजे साधारण शंभरचा एक बल्ब. चोवीस तास चालू."

ताईच्या सासूबाईंनी शालीतून मान बाहेर काढून मामाकडे पाहिलं. "काही बल्ब नुसतेच तापतात," त्या म्हणाल्या. "उजेडाच्या नावाने बोंब."

"आजी, जेव ना," भाची म्हणाली. ती कॉलेजात होती आणि घरातली भांडणं तिला अभ्यासात व्यत्यय आणतात, असं तिचं म्हणणं होतं. अभ्यास करताना तिला अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"आता अडलंय कुठे, तर तीन टन की साडेतीन टन," भावोजी म्हणाले.

मामाने चोरून छताकडे पाहिलं. टन हे वजन असतं आणि तेवढं वजन आपल्या डोक्यावर चढवणार, या समजुतीत तो दोन रात्री भिंतीला चिकटून झोपला होता. भाचीने त्याला समजावलं की इथे टन म्हणजे गारव्याचं माप, मशीन किती उष्णता बाहेर फेकतं ते.

"चौघांना तीन टन पुरतं," भावोजी म्हणाले.

मामाने मनात मोजलं. ताई, भावोजी, सासूबाई, भाची. चार. उलटीकडून मोजलं. भाची, सासूबाई, भावोजी, ताई. तरी चारच. तो ताट उचलून मोरीकडे गेला आणि बराच वेळ एकच वाटी धूत बसला.

पंधरा वर्षांचा निकाल लागला होता. पण त्याला स्वतःपेक्षा ताईची काळजी जास्त वाटली. शनिवारी घर मोजायला एसीवाल्या बाई येणार होत्या. त्या विचारणार, माणसं किती? मग ताई खाली बघणार, भावोजी खाकरणार, सासूबाई अजिबात खाकरणार नाहीत. परक्या बाईसमोर हा प्रसंग नको. प्रश्नच येणार नाही अशी व्यवस्था करावी, असं मामाने ठरवलं.

त्याची खोली बोळाच्या टोकाला होती. चारही बाजूंनी घर, खिडकी एकही नाही. मुळात ती अडगळीचीच खोली. मामा आला तेव्हा अडगळ थोडी सरकून बसली होती, एवढंच. शनिवारी सकाळी त्याने गादी गुंडाळली, शब्दकोश खोक्यात भरले, कपडे बॅगेत कोंबले आणि टूथब्रश खिशात टाकला. खोली पुन्हा अगदी अस्सल अडगळ दिसायला लागली. आता आपण मागच्या दाराने सटकायचं आणि संध्याकाळी यायचं, की काम फत्ते.

पण एसीवाल्या बाई अर्धा तास आधीच आल्या. आयुष्यात कोणताही कारागीर वेळेआधी आल्याचं मामाने ऐकलं नव्हतं, त्यामुळे ही शक्यता त्याने धरलीच नव्हती. बोळातून पावलं वाजली. मोडक्या व्यायामाच्या सायकलवर एक जुनी चादर घातलेली होती. मामा सायकलवर चढला, चादर स्वतःवर ओढली आणि अडगळ झाला.

दार उघडलं.

"ही खोली कसली?" बाईंचा आवाज आला.

"ही..." म्हणून ताई एकदम थांबली. "अगं बाई, इथली गादी कुठे गेली?"

"लांबी नऊ फूट, रुंदी सात," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात लाल ठिपका मारणारं यंत्र होतं. मग त्यांनी दुसरं काहीतरी बाहेर काढलं. "हा उष्णता दाखवणारा कॅमेरा. भिंती, छत कुठे तापतात ते कळतं. गार ते निळं, गरम ते लाल."

"किती छान," भाची म्हणाली. "आजीवर धरा ना."

"माझ्यावर काही धरू नका," सासूबाई म्हणाल्या. त्याही आल्या होत्या. भावोजीही. खोलीत आता उभं राहायला जागा नव्हती.

बाईंनी कॅमेरा खोलीभर फिरवला. मग म्हणाल्या, "या खोलीत गिझर आहे का?"

"नाही हो."

"फ्रिज? इन्व्हर्टरची बॅटरी?"

"काहीच नाही. का?"

"त्या चादरीखाली काहीतरी लाल आहे. आणि..." बाईंनी कॅमेरा जवळ आणला. "मगाशी चौतीस होतं. आता पस्तीस झालं. वाढतंय."

"आग लागेल!" सासूबाई ओरडल्या. "पाणी आणा!"

भावोजी खरोखरच अडगळीतली बादली उचलून पाणी भरायला वळले. चादरीखाली मामाने विचार केला की माणसाने एका दिवसात किती अपमान सोसावा याला मर्यादा असते, आणि भिजणं तिच्या पलीकडे आहे. तोल सांभाळायला त्याने पाय हलवला. सायकलचं पेडल फिरलं आणि अडगळ कर्रर्र आवाज करत जागच्या जागी चालू लागली.

भाचीने चादर ओढली.

मामा सायकलवर बसला होता. खिशातून टूथब्रश डोकावत होता.

"नमस्कार," तो बाईंना म्हणाला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं. "हे घरातले आहेत का? म्हणजे मला फॉर्ममध्ये लिहावं लागतं. माणसं किती?"

तोच प्रश्न. मामाने डोळे मिटून घेतले.

"पाच," भावोजी म्हणाले. बादली अजून त्यांच्या हातात होती. "आणि तू तिथे काय करतोयस रे?"

"चार," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "चौघांना तीन टन पुरतं. तुम्हीच म्हणालात. मी अडगळ म्हणून चालेन."

"मी म्हणालो, चौघांना तीन टन पुरतं, पण आपण पाच आहोत, म्हणून साडेतीनच घ्यायचं! वाक्य संपायच्या आत तू ताट उचलून गेलास. मला वाटलं भाजी आवडली नाही."

"माझी भाजी?" ताईने भावोजींकडे असं पाहिलं की त्यांनी बादली खाली ठेवली.

"अरे बावळटा," सासूबाई पुढे आल्या. "साधे खोल्यांचे एसी गेल्या वर्षीच बसले असते. बसले असते की नाही हो बाई?"

"हो, तीन खोल्यांना सहज बसले असते," बाई म्हणाल्या. "ही चौथी मात्र अवघड. बाहेरची भिंतच नाही. पाइप न्यायचा तर जेवणाच्या टेबलावरून न्यावा लागला असता. वरणात पाणी टपकलं असतं."

"ऐकलंस? या तुझ्या बिळात गार हवा पोचावी म्हणून माझा मुलगा वर्षभर ती माहितीपत्रकं घोकतोय. मी एवढी शाल घेऊन बसणारी बाई. मला एसी हवाय कशाला? तू इथे उन्हाळ्यात उकडून निघतोस ते बघवत नाही म्हणून हो म्हटलं."

मामाने डोळे उघडले. सासूबाई रागाने लाल झाल्या होत्या. बाईंच्या कॅमेऱ्यातही त्या तशाच दिसत होत्या.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?" मामाचा आवाज जरा चिरका निघाला.

भावोजी गोंधळले. "काय सांगायचं? घरातल्या माणसाला, बाबा रे, तू घरात राहा, असं कोणी सांगतं का?"

चार वर्षं मामा जे ऐकायला कान टवकारून बसला होता, ते असं बादलीशेजारी उभं राहून सांगितलं गेलं. तो सायकलवरून उतरायला गेला, पण पाय पेडलमध्ये अडकला म्हणून परत बसला. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. किती टन, ते त्याने मोजलं नाही.

"पाचवी व्यक्ती," बाई लिहू लागल्या. "काम बसून करतात की हालचालीचं?"

"बसून," ताई म्हणाली.

"बसून, आणि तेही थोडंच," सासूबाई म्हणाल्या.

"बोलणं धरायचं असेल तर त्याला दीड माणूस लावा," भाची म्हणाली.

बाईंनी आकडे घातले. माणसं पाच, खोल्या चार. उत्तर तीनच्या वर आणि साडेतीनच्या जरा आत आलं. "साडेतीन टन," त्या म्हणाल्या. "ही खोली आणि हे गृहस्थ वगळले तर तीनमध्ये भागलं असतं."

"म्हणजे मी अर्धा टन," मामा म्हणाला. हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू कोणी पदवी दिली होती.

"आता इथली हवा छतात कुठून सोडायची? डोक्याकडून की पायाकडून?"

"कुठूनही चालेल हो. मला काय."

"कुठूनही चालत नाही. मला खूण करावी लागते."

"नीट सांग," ताई म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं आणि गुंडाळलेली गादी पायाने उलगडली. "पंधरा वर्षांचा प्रश्न आहे."

मामा गादीवर आडवा झाला. पाच जण वरून बघत होते... म्हणजे घरातले चार आणि बाई. घरातले पाच झाले ते त्याला धरून. त्याने छताकडे पाहिलं आणि बोट केलं. "इथे."

बाई स्टुलावर चढल्या.

"जरा डावीकडे," मामा म्हणाला. "अजून जरा. नाही, फार गेलं. अर्धी वीत मागे. आणि झोत थेट अंगावर नको, मला सर्दीचा त्रास आहे."

"बघा, लगेच कसा चढला," सासूबाई म्हणाल्या आणि शाल सावरत चहाचं बघायला गेल्या.

बाईंनी छतावर पेन्सिलीने चौकोन आखला. मामा तो बघत तसाच पडून राहिला. स्वयंपाकघरातून दोनदा हाक आली तेव्हा कुठे तो "आलो" म्हणाला, आणि त्यानंतरही चांगली दहा मिनिटं उठला नाही.