तिसाव्या दिवसाआधी

माझा डावा हात तीन ठिकाणी मोडला. पण अहवालात मी 'अपघात : निरंक' असं लिहिलंय, त्यामुळे तो मोडलेला नाही असं धरूनच पुढे वाचा.

कळंबला ट्रान्सफॉर्मरशेजारी मी एक डबा बसवला. व्होल्टेज पडलं की चढवायचं, चढलं की उतरवायचं आणि गावाच्या सवयी शिकत जायचं, एवढंच त्याचं काम. महिन्याचे तीसही दिवस व्होल्टेजची सरासरी दोनशे तीसच्या आसपास बसली, तर वीज कंपनीतली माझी कंत्राटी नोकरी कायम होणार होती.

डबा निर्णयाला अर्धं मिनिट घ्यायचा. बर्फाच्या कारखान्याच्या सदानंदभाऊंकडे तेवढा धीर नव्हता. मोटर रखडली की ते पहारीने डब्याला हाणायचे आणि मग व्होल्टेज चढायचं. ते आपोआप चढतं, हे मी समजावलं. ते म्हणाले, बैलसुद्धा आपोआपच चालतो, काठी दिसली की.

पुढे ते मोटर लावायच्या आधीच हाणू लागले. आता, चोरी कळावी म्हणून मी डब्याला हादरा टिपणारी वायर जोडली होती. डब्याच्या शिकणाऱ्या भागात एक जागा रिकामी दिसली, म्हणून तीच वायर तिथेही जोडून टाकली. दहा दिवसांत डबा शिकला : हादरा बसला म्हणजे मोटर येतेय, लगेच चढवा. आकडे सुंदर येऊ लागले. मी वायर तशीच ठेवली.

एकोणतिसाव्या दिवशी कारखाना बंद होता. शेजारच्या कॉटेजवाल्या बर्नार्डअंकलचे दिवे जरा जास्तच उजळले. भाऊंचा उपाय त्यांनी रोज पाहिला होता. व्होल्टेज उतरावं म्हणून त्यांनी वल्ह्याने डब्याला एक ठेवून दिली. डब्याने चढवलं. दोन बल्ब फुटले. अंकलनी आणखी दोन हाणल्या. फ्रिज गेला.

भाऊ पहार घेऊनच आले. "माझ्या डब्याला कोन मारतो?"

"तुझा कधीपासून? रोज मारतोस म्हणून?"

पहिल्या फटक्यात अंकलचे दोन दात गेले. वल्ह्याने भाऊंचं कपाळ फुटलं. मग भाऊंनी अंकलचं डोकं धरून डब्यावर आपटलं. चारदा. डब्याला वाटलं, चार मोटरी येतायत. दर आपटीला गावातली एकेक आळी भगभगून विझली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर दिवसाची सरासरी बसत होती. पाचव्या वेळी मी डब्यावर हात आडवा टाकला. हातावर डोकं बसलं. मग पहार. मग अंकलचं वल्हं, तेही नेमकं तिथेच. डब्याला हादरा लागेना. आकडा दोनशे तीसवर येऊन शांत उभा राहिला.

"हात काढ, बाळा," अंकल रक्त थुंकत म्हणाले.

"उद्या संध्याकाळी काढतो," मी म्हटलं.

मा. कार्यकारी अभियंता यांस सविनय सादर. चाचणीचा एक दिवस शिल्लक आहे. माझे दोन्ही हात शाबूत असले, तरी त्यांपैकी एक सध्या प्लास्टरमध्ये आहे. सबब, डबा व ग्राहक यांच्या दरम्यान मार खाण्यासाठी एक पद, तिन्ही पाळ्यांकरिता, उद्या सकाळपूर्वी कायमस्वरूपी मंजूर व्हावे, ही नम्र विनंती.